स्थिर ढग आणि वाहता वारा

ढग वाऱ्याबरोबर चालतात, ही गोष्ट कोणास शिकवावी लागत नाहीं. आषाढांत कोंकणांतून घाटावर चढलेले काळे मेघ पूर्वेकडे धांवतांना आपण दरवर्षीं पाहतों. आणि आश्विनांत निळ्या आकाशांतून पिंजलेल्या कापसाचे पुंजके सरकूं लागले म्हणजे वर वारा कोणत्या दिशेचा आहे, हें लहान मूलहि सांगतें. अशा वेळीं कोणी येऊन म्हणाला कीं, ताशीं शंभर किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांत एक ढग सकाळपासून दुपारपर्यंत एकाच जागीं खिळून उभा होता, तर आपण त्यास हंसल्याशिवाय राहणार नाहीं. परंतु असे ढग असतात. जगांतील पुष्कळ पर्वतांवर ते वारंवार दिसतात, त्यांचीं छायाचित्रें घेतलेलीं आहेत आणि त्यांचें गणितहि मांडलेलें आहे. ते कसे उभे राहतात हें कळलें म्हणजे ढग म्हणजे काय, याविषयींची आपली नेहमींची समजूतच बदलावी लागते. म्हणून या लेखांत प्रथम त्यांची, आणि मग त्यांच्या कांहीं विलक्षण भाऊबंदांची ओळख करून घेऊं.

आरंभ स्वयंपाकघरांतून करणें सोयीचें. चहाची किटली उकळत असतां तिच्या तोटीकडे नीट पाहावें. तोटीच्या अगदीं तोंडाशीं बोटभर जागा रिकामी दिसते; त्यापुढें पांढरा लोट सुरू होतो; आणि वीतभर पुढें गेल्यावर तोहि नाहींसा होतो. तोंडाशीं जें दिसत नाहीं, तें खरें बाष्प. बाहेरच्या थंड हवेंत शिरतांच त्याचे सूक्ष्म जलबिंदु बनतात, तेव्हां तें पांढरें दिसूं लागतें. आणि पुढें कोरड्या हवेंत मिसळतांच ते बिंदु पुन्हां अदृश्य बाष्प होतात. आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तो पांढरा लोट आपल्या जागेवर असतो, पण त्यांतील पाणी क्षणाक्षणाला बदलत असतें. एका बाजूनें बिंदु जन्मतात, दुसऱ्या बाजूनें नष्ट होतात. लोट मात्र तेथल्या तेथें. नदीच्या धबधब्याचेंहि असेंच आहे. धबधबा कालचाच, पाणी मात्र कालचें नव्हे.

आकाशांतील ढगांत हवेस थंड करण्याचें काम बहुधा उंचीकडे असतें. हवा वर चढूं लागली म्हणजे तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते, आणि प्रसरणांत तिची उष्णता खर्ची पडते. कोरडी हवा एक किलोमीटर चढली तर सुमारें १० अंश सेल्सियस थंड होते. थंड हवेंत बाष्प मावण्यास मर्यादा असते. ती मर्यादा ओलांडली कीं जलबिंदु बनूं लागतात. हे बिंदु फार लहान असतात. त्यांचा व्यास साधारण मिलिमीटराचा पन्नासावा भाग, आणि शांत हवेंत ते सेकंदास जेमतेम एक सेंटिमीटर खालीं येतात. म्हणून हवेचा थोडासा उचलता झोतहि त्यांस अधांतरीं ठेवण्यास पुरतो. शिवाय बाष्पास बिंदु होण्यासाठीं कांहींतरी आधार लागतो: समुद्राच्या मिठाचा कण, धुळीचा कण, किंवा धुराचा. याची प्रचीति घरीं पाहतां येते. प्लॅस्टिकची एक पारदर्शक बाटली घेऊन तींत दोन चमचे कोमट पाणी घालून हलवावें. वडील माणसाच्या देखत आगकाडी पेटवून विझवावी, तिचा थोडा धूर बाटलींत शिरूं द्यावा व लगेच बूच घट्ट लावावें. मग बाटली दोन्ही हातांनीं जोरानें दाबून एकदम सोडावी. सोडतांच आंत पातळ धुकें उमटतें. दाबतांच तें मावळतें. धूर न घालतां हाच प्रयोग केला तर धुकें जवळजवळ दिसतच नाहीं.

ढगांस शास्त्रीय नांवें देण्याची पद्धत लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नामक औषधें बनविणाऱ्या गृहस्थानें १८०२ सालच्या डिसेंबरांत एका लहान मंडळापुढें व्याख्यान देऊन सुरू केली. केसांच्या बटांसारखे ते सिरस, राशीसारखे ते क्युम्युलस, थरासारखे ते स्ट्रेटस, अशीं त्यानें लॅटिन नांवें योजिलीं. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें लामार्क यानेंहि स्वतंत्र वर्गीकरण केलें होतें, पण त्याचीं नांवें फ्रेंच असल्यामुळें इतर देशांत रुजलीं नाहींत. हॉवर्डच्या पायावर १८९६ सालीं पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह छापला गेला, व त्याची अगदीं अलीकडची आवृत्ति २०१७ सालची आहे. या संग्रहाचें नांव पुढें पुन्हां येईल.

आतां त्या खिळलेल्या ढगाकडे वळूं. पावसाळा ओसरल्यावर ओढ्याचें पाणी निवळतें, तेव्हां कांठावर बसून पाण्याखालच्या एखाद्या खडकाकडे पाहावें. पाणी खडकावर चढतें, पलीकडे उतरतें, आणि तेवढ्यानें शांत होत नाहीं. खडकाच्या पुढें दोन-तीन ठिकाणीं तें पुन्हां वर-खालीं होतें. तेथें ज्या लाटा दिसतात, त्या समुद्राच्या लाटांप्रमाणें पुढें जात नाहींत. पाणी त्यांतून वाहून जातें. लाट जागच्या जागीं राहते. उंच पर्वतावरून जोराचा वारा आडवा वाहूं लागला आणि हवेचे थर स्थिर असले, म्हणजे वर चढविलेली हवा पुन्हां खालीं येऊं पाहणारी असली, तर पर्वताच्या पलीकडे हवेंतहि अगदीं अशाच लाटा उठतात. लाटेच्या माथ्यावर हवा चढते, थंड होते, तिच्यांत जलबिंदु बनतात. उतारावर ती ऊन होते व बिंदु विरतात. म्हणजे किटलीच्या तोटीपुढें जें घडलें तेंच येथें घडतें. वारा ढगांतून एका टोकानें शिरतो व दुसऱ्या टोकानें बाहेर पडतो. ढग लाटेच्या माथ्यावर बसलेला राहतो. कडेला पातळ व मध्यें फुगीर अशा या ढगाचा आकार थेट मसुरीच्या दाण्यासारखा असतो, आणि त्याचें लॅटिन नांवहि मसुरीवरूनच पडलें आहे: लेंटिक्युलॅरिस. हवेंत ओलावा थराथरांनीं असला तर असे दाणे एकावर एक, उतरंडीसारखे रचलेले दिसतात. उडत्या तबकड्या पाहिल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतों, त्यांपैकीं कांहींचें मूळ या ढगांत आहे, यांत नवल नाहीं.

या ढगांसाठीं सर्वांत प्रसिद्ध पर्वत म्हणजे जपानचा फुजी. ३,७७६ मीटर उंचीचा हा एकटा, निमुळता पर्वत वाऱ्यास चहूंकडून उघडा असल्यानें त्याच्या माथ्यावर कधीं टोपीसारखा ढग बसतो, तर कधीं वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूस एखादा ढग अंतराळीं टांगलेला राहतो. जपानी भाषेंत पहिल्यास कासागुमो, म्हणजे टोपीचा ढग, व दुसऱ्यास त्सुरुशिगुमो, म्हणजे टांगलेला ढग, म्हणतात. फुजीनें टोपी घातली कीं पाऊस येतो, अशी तेथील लोकांची जुनी समजूत आहे. आणि ती निराधार नाहीं, कारण कमी दाबाचें क्षेत्र जवळ येऊं लागलें कीं वरच्या हवेंत ओलावा व वारा दोन्ही वाढतात. या ढगांच्या नादानें काउंट मासानाओ आबे नांवाच्या एका जपानी सरदारानें १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धांत फुजीच्या पायथ्याशीं गोतेंबा येथें स्वतःची वेधशाळा उभारली, आणि कित्येक वर्षें तेथून तो फुजीवरील ढगांचीं छायाचित्रें व चलच्चित्रें घेत राहिला. त्याचा हेतु केवळ सौंदर्याचा नव्हता. पर्वताभोंवतीं हवा कशी वळते, कोठें चढते, कोठें घसरते, हें डोळ्यांस दिसत नाहीं. ढग तेवढा तें दाखवितो, म्हणून ढगाच्या आधारें वाऱ्याचा नकाशा काढावा, हा त्याचा खटाटोप होता.

साधारण त्याच काळांत मध्य युरोपांत हीच गोष्ट निराळ्या मार्गानें उघडकीस येत होती. सायलेशियाच्या डोंगरांमागें उठणाऱ्या अशा एका ढगास तेथील लोक ‘मोआत्सागोटल्’ म्हणत. गॉटलीब मोत्स नांवाच्या शेतकऱ्यानें तो ढग प्रथम हेरला, म्हणून त्याच्याच नांवाचा ग्राम्य अपभ्रंश ढगास मिळाला. विद्वानांच्या आधीं ज्यानें आकाशाकडे नीट पाहिलें त्याचें नांव शास्त्रांत राहिलें, याचा मला तरी आनंद वाटतो. १९३३ सालीं वोल्फ हिर्ट प्रभृति ग्लायडरवाल्यांस, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानानें उडणाऱ्यांस, त्या ढगाच्या पुढच्या अंगास हवा एकसारखी वर उचलते असा अनुभव आला. योआखिम क्यूटनर यानें त्या लहरींचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि पुढें १९५१-५२ सालीं कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतामागील लाटांच्या मोठ्या संशोधनांतहि तो होता. त्या लाटांवर स्वार होऊन एका ग्लायडरनें १९५२ सालीं १३ किलोमीटरांहून अधिक उंची गांठली. आणि २०१८ सालीं अर्जेंटिनांत अँडीज पर्वतामागें ‘पर्लान’ नांवाचें ग्लायडर २२ किलोमीटरांच्याहि वर गेलें. इंजिन नाहीं, इंधन नाहीं. केवळ डोंगरानें उठविलेली हवेची लाट.

जी हवा उचलते तीच आपटतेहि. सुंदर मसुरी ढगाच्या खालीं, लाटेच्या पोटाशीं, हवा कधीं कधीं आडव्या अक्षाभोंवतीं गरगर फिरूं लागते. तेथें फाटक्या चिंध्यांसारखा एक ढग दिसतो. तो दिसावयास क्षुल्लक असतो. पण वैमानिक त्याच्या वाऱ्यास उभे राहत नाहींत. सिएरा नेवाडामागें १९५५ सालीं अशा भोंवऱ्यांत सांपडून एका ग्लायडरचे आकाशांतच तुकडे झाले, व आंतील वैमानिक हवाई छत्रीमुळें वांचला. वरचा गुळगुळीत ढग पाहून हवा शांत आहे असें समजणें किती धोक्याचें, हें यावरून कळेल.

परंतु याहूनहि मोठा धोका ढग नसतांना असतो. ५ मार्च १९६६ रोजीं दुपारीं टोकियोहून हाँगकाँगकडे निघालेलें एक ब्रिटिश प्रवासी विमान फुजीजवळून चाललें होतें. पर्वताभोंवतीं आकाश स्वच्छ होतें, आणि वायव्येकडून जोराचा वारा शिखरावरून वाहत होता. हवेंत लाट उठलेली होती, पण तिच्या माथ्यावर ढग बनण्याइतका ओलावा नव्हता. त्या अदृश्य खळबळींत विमान शिरलें आणि त्याचे अवयव निखळून तें गोतेंबाच्या बाजूस कोसळलें. आंतील १२४ माणसांपैकीं कोणीहि वांचलें नाहीं. ज्या गांवीं बसून आबेनें वर्षानुवर्षें त्या पर्वताभोंवतींच्या वाऱ्याचीं चित्रें घेतलीं होतीं, त्याच गांवच्या माथ्यावर ही घटना घडली. टोपी घातलेल्या फुजीस वैमानिक भितो; बोडक्या फुजीसहि त्यानें भ्यावें, हें त्या दिवशीं जगास कळलें. आज पर्वतीय लहरींचा अंदाज वैमानिकांस उड्डाणापूर्वीं दिला जातो, त्यामागें अशा दुर्घटनांचा इतिहास आहे.

आपल्या सह्याद्रीवर अशा लाटा उठतात काय? उठतात. भारतीय हवामानखात्याचे र. प. सरकार यांनीं १९६० च्या दशकांत पश्चिम घाटावरील वायुलहरींचें व त्यांपासून पडणाऱ्या पावसाचें गणित मांडलें. मात्र फुजीसारखें प्रदर्शन आपल्याकडे सहसा दिसत नाहीं. पावसाळ्यांत सगळें आकाशच ढगांनीं भरलेलें असल्यानें त्यांत लाट वेगळी ओळखूं येत नाहीं, आणि हिवाळ्यांत हवा कोरडी. तरी जूनच्या आरंभीं किंवा सप्टेंबरांत घाटमाथ्यावर उभें राहिल्यास तोच नियम लहान प्रमाणांत पाहतां येतो. कोंकणाकडून येणारी हवा कड्यावर चढतांच पांढरी होते, धारेवरून ओसंडते, आणि पूर्वेच्या उतारावर थोडी खालीं येतांच विरते. गडाच्या माथ्यावर ढग बसला आहे असें आपण म्हणतों. वस्तुतः तो तेथें अखंड विणला व उसवला जात असतो. महाबळेश्वरास वर्षाकांठीं सुमारें सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि थोड्याच अंतरावर पूर्वेस असलेल्या वाईस त्याचा अगदीं लहान अंश, याचें मर्म या चढण्या-उतरण्यांतच आहे.

सह्याद्रीच्या ढगांविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळीं खालचें कोंकण धुक्यानें भरलेलें असतां, आणि सूर्य पाठीमागें असतां, कड्याच्या कांठावर उभ्या राहिलेल्या माणसास आपली सांवली समोरच्या धुक्यावर पडलेली दिसते, आणि सांवलीच्या मस्तकाभोंवतीं रंगीत वलयें दिसतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें हें दृश्य पाहून त्याचें वर्णन १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. मौज अशी कीं, चार माणसें शेजारीं उभीं राहिलीं तरी प्रत्येकास वलय स्वतःच्याच मस्तकाभोंवतीं दिसतें. कारण जलबिंदूंकडून परतणारा प्रकाश ज्याच्या त्याच्या डोळ्याकडे, आल्या दिशेनेंच माघारीं येतो.

असेंच वलय १८९४ च्या सप्टेंबरांत स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस पर्वतावरील वेधशाळेंत काम करणाऱ्या सी. टी. आर. विल्सन या तरुणानें पाहिलें. तो पर्वत आपल्या हरिश्चंद्रगडाहून किंचित् ठेंगणाच आहे. विल्सनला त्या देखाव्यानें इतकें वेड लावलें कीं, केंब्रिजला परतल्यावर त्यानें कांचेच्या पात्रांत कृत्रिम ढग बनविण्यास आरंभ केला. आपण वर केला तो बाटलीचा प्रयोगच म्हणा ना, पण हजारपट काळजीनें. धूळ अजिबात काढून टाकली तरी हवा पुरेशी प्रसरण पावल्यास ढग बनतो, हें त्यास आढळलें. तेव्हां धुळीऐवजीं विद्युद्भारित कण आधारास येतात, हें पुढें सिद्ध झालें. १९११ सालीं त्या पात्रांत धांवत्या सूक्ष्म कणांच्या वाटा बारीक मेघरेषांच्या रूपानें प्रत्यक्ष दिसूं लागल्या. त्याबद्दल विल्सन यास १९२७ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें, आणि १९३२ सालीं अँडरसन यानें पॉझिट्रॉन हा कण अशाच मेघपात्रांत शोधून काढला. डोंगरावरील ढग पाहून मनांत आलेल्या कौतुकाची एवढी मोठी फलश्रुति शास्त्राच्या इतिहासांत विरळा.

आतांपर्यंतचा ढग खिळलेला होता. आतां चालणारा, पण वाऱ्यानें न चालविलेला ढग पाहूं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस कार्पेंटारियाचें आखात आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळील बर्कटाउन या लहानशा गांवीं, विशेषतः सप्टेंबर ते नोव्हेंबर या दिवसांत, पहांटे क्षितिजावर एक काळी रेघ दिसते. पाहतां पाहतां ती जवळ येते, आणि कळतें कीं ही गुंडाळलेल्या वळकटीसारखी ढगाची लांबच लांब गुंडाळी आहे. तिची लांबी कधीं कधीं एक हजार किलोमीटरांपर्यंत असते. म्हणजे मुंबईहून निघून दिल्लीच्या वाटेचा बराच मोठा भाग तिनें व्यापावा. उंची एक-दोन किलोमीटर, वेग ताशीं चाळीस ते साठ किलोमीटर. ती माथ्यावर येतांच सोसाट्याचा वारा सुटतो. ती गेली कीं पुन्हां शांतता. कधीं एकामागून एक अशा अनेक वळकट्या येतात. ‘मॉर्निंग ग्लोरी’, म्हणजे प्रभातीचें वैभव, असें तिचें तेथील नांव.

हिची घडण समजण्यास एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. १८३४ सालीं एडिंबराजवळच्या एका कालव्यांत घोड्यांनीं ओढलेली नाव एकदम थांबली. नावेपुढें गोळा झालेलें पाणी मात्र थांबलें नाहीं. त्याचा एकच गोल, गुळगुळीत उंचवटा कालव्यांतून पुढें निघाला. जॉन स्कॉट रसेल या अभियंत्यानें घोडा पिटाळून मैल-दोन मैल त्याचा पाठलाग केला, तरी त्याचा आकार फारसा बदलला नाहीं. ही एकाकी लाट. कार्पेंटारियाच्या पूर्वेस केप यॉर्कचें द्वीपकल्प आहे. दिवसा त्याच्या दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्रवारे आंत शिरतात व एकमेकांवर आदळतात. रात्रीं जमिनीलगत थंड, जड हवेचा थर सांचतो. त्या थरावरून आदळण्याचा धक्का रसेलच्या लाटेप्रमाणें पश्चिमेस निघतो, आणि पहांटे आखाताच्या कांठीं पोंचतो. लाटेच्या पुढच्या अंगास हवा उचलली जाते, तेथें ढग बनतो. मागच्या अंगास उतरते, तेथें तो विरतो. म्हणून गुंडाळी पुढें येत असतां उलट दिशेनें मागें गुंडाळली जात आहे असा भास होतो. सायंकाळीं खानावळींतील शीतपेटीच्या कांचेवर दंव सांचलें व लांकडी मेजांचे कोपरे ओलाव्यानें वर वळले कीं दुसऱ्या दिवशीं ढग येणार, असें गांवकरी म्हणतात. हवेंत पुरेसा ओलावा आहे, एवढाच त्याचा अर्थ, पण परीक्षा चांगली आहे! १९८९ पासून ग्लायडरवाले येथें येऊन या ढगापुढें, समुद्राच्या लाटेवर फळी टाकून घसरावें तसे तासन् तास उडत असतात.

तिसरा नमुना अगदीं वेगळा. पातळ, सलग ढगांच्या चादरीस मध्येंच एक मोठें वाटोळें भोंक पडलेलें, आणि त्या भोंकांत मध्यभागीं विरळ बर्फाची एक बट लोंबत असलेली, असें दृश्य कधीं कधीं दिसतें. याचें कारण पाण्याच्या एका चमत्कारिक स्वभावांत आहे. पाणी शून्य अंशावर गोठतें असें आपण पाठ करतों. परंतु ढगांतील सूक्ष्म व स्वच्छ बिंदूंस आरंभ करून देणारा योग्य कण न मिळाल्यास ते शून्याखालीं १५-२० अंशांवरहि द्रवच राहतात. अशा ढगांतून विमान गेलें म्हणजे त्याच्या पंख्यांच्या टोंकांशीं किंवा पंखांवर हवा एकाएकीं प्रसरण पावून क्षणभर फारच थंड होते व कांहीं बिंदु गोठतात. मग एक विषम स्पर्धा सुरू होते. जी हवा पाण्याच्या बिंदूस जेमतेम पुरी पडते, तीच हिमकणास बाष्पानें ओथंबलेली असते. म्हणून हिमकण पुष्ट होतात व भोंवतालचे बिंदु आटत जातात. जड झालेले हिमकण खालीं घसरतात, आणि भोंक तासभर, कधीं त्याहूनहि अधिक वेळ, पसरत राहतें. कित्येक मेघांतून पाऊस पडण्याची क्रियाहि हीच आहे. येथें ती जणूं कात्रीनें कापून वेगळी दाखविली आहे, इतकेंच.

वर उल्लेखिलेल्या मेघसंग्रहाच्या २०१७ च्या आवृत्तींत वळकटीच्या ढगास ‘व्होल्युटस’ व भोंकास ‘कॅव्हम’ अशीं नांवें प्रथमच अधिकृतपणें मिळालीं. त्यांच्याबरोबर ‘ॲस्पेरिटास’ हेंहि एक नवें नांव आलें. खवळलेला समुद्र पाण्याखालून वर पाहावा तसा हा ढग दिसतो. २००६ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत घेतलेलें त्याचें एक छायाचित्र मेघप्रेमी लोकांच्या एका इंग्लिश मंडळाकडे आलें. मग निरनिराळ्या देशांतून तशींच चित्रें जमूं लागलीं, आणि मंडळाचे संस्थापक गॅव्हिन प्रेटर-पिनी यांनीं त्यास स्वतंत्र नांव द्यावें असा आग्रह धरला. अकरा वर्षांनीं तो मान्य झाला. गॉटलीब मोत्स याची आठवण येथें होणें साहजिक आहे.

आपल्याकडे काय पाहावें, असें विद्यार्थी विचारतील. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसांत गडगडाटी ढग बारा ते सोळा किलोमीटर उंच चढतो. तेथें त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो, आणि कधीं ऐरणीच्या तळाशीं लोंबत्या थैल्यांच्या ओळी दिसतात. सायंकाळच्या तांबड्या उन्हांत त्यांसारखें दृश्य दुसरें नाहीं. मात्र ते पाहावयाचे ते घराच्या खिडकींतून. कारण ऐरणीखालीं वीज पावसाच्या आधींहि पडते, आणि झाडाखालीं उभें राहणें तर सर्वांत वाईट. पावसाळ्याच्या अखेरीस गडांवर धुक्यांतील वलय पाहावें, पण कड्यापासून दूर राहून व वडील माणसांबरोबर. विमानानें प्रवास करण्याचा योग आल्यास सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्यावी. ढगांवर पडलेल्या विमानाच्या सांवलीभोंवतीं तेंच वलय हटकून दिसतें.

नोंद करावयाची झाल्यास वहींत तारीख, वेळ, ढगाची दिशा, जमिनीवरील वाऱ्याची दिशा आणि एक साधें रेखाचित्र एवढें पुरे. ढग चालतो कीं उभा आहे हें ठरविण्यास इमारतीचा कोपरा किंवा झेंड्याची काठी एका डोळ्यानें ढगाच्या कडेशीं जुळवून धरावी, जागा न बदलतां दहा मिनिटांनीं पुन्हां पाहावें, आणि ढग सरकला नसेल तर तें वहींत ठळक अक्षरांत लिहावें.